शिक्षक शाळेच्या वेळेत खासगी कामासाठी नेट का वापरतात?

खडूडस्टर:
मुख्यतः जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांबद्दल लिहितोय. 'मास्तर दिवसभर मोबाइलवर' ही तक्रार खोटी नाही. पण मोबाइल वर्गात आणला कोणी? हजेरीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये चॅटबॉट आला. पोषण आहाराच्या अ‍ॅपवर रोजची लाभार्थी संख्या भरायची. त्यात केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या समूहाच्या) व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'तात्काळ, १२ वाजेपर्यंत' असतंच. फोन स्वतःचा, रिचार्जही स्वतःचा. सर्व्हर लोड होईपर्यंत चाक फिरत राहतं, वरून घरच्या मेसेजची पट्टी उतरते, बोट तिकडे जातं. सरकारी आणि घरगुती काम एकाच स्क्रीनवर आलं की दुसरं काय होणार?

दोनशिक्षकी:
असहमत. दोन शिक्षकांच्या शाळेत पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. ऑफ तास हा प्रकारच नसतो. पहिलीतल्या मुलाने 'ख'चे दोन तुकडे पाडून 'रव' काढला आणि त्याच वेळी कोणी बोट ठेवलं नाही, तर पाटीभर 'रव'च गिरवला जातो. तुमचं फिरणारं चाक इथे फार महाग पडतं. परिपाठ झाला की हजेरीची नोंद करा, फोन कपाटात टाका. जेवणाचा आकडा तर मधल्या सुट्टीतच कळतो, तेव्हा भरा.

हायस्कूलकर:
हायस्कूलची गोष्ट वेगळी. तिथे रोज एखाददुसरा ऑफ तास मिळतो. त्यात वह्या तपासून झाल्यावर कोणी विजेचं बिल भरलं तर कुणाचं काय गेलं? शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत, पूर्वतयारीसह. शाळा साधारण साडेदहा ते पाच, शनिवारी सकाळची. बेरीज ४५ होत नाही. उरलेली तयारी घरी, घरच्या नेटवर होते. त्याचा हिशोब कोण मागतं?

पारावरचा:
बिलाचं ठीक आहे हो. शेअर बाजाराचं बोला. बाजार सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३०, म्हणजे नेमकी शाळेचीच वेळ. ज्याला खरंच गुंतवणूक करायची आहे त्याला बाजार बंद झाल्यावरही ऑर्डर लावून ठेवता येते, ठराविक भावाला आपोआप लागणारी ऑर्डर असते, एसआयपी, म्हणजे दरमहा ठराविक रकमेची गुंतवणूक, तर बँकेतून परस्पर जाते. अकरा वाजता स्क्रीन बघावी लागते ती फक्त दिवसात घेऊन दिवसात विकणाऱ्याला. आणि वर्गात उभ्या माणसाला तेही धड जमत नाही: फळ्याकडे वळला तेवढ्यात भाव हातचा जातो. म्हणून मग तो फळ्याकडे वळतच नाही.

हायस्कूलकर:
असे किती? त्यांच्यावर कारवाई करा, कोण अडवतंय. पण बँक, विमा, घरकर्जाची कागदपत्रं ही कामं त्याच वेळात होतात. ऑफिसातला माणूस अर्धा तास बाहेर जाऊन येतो. शिक्षकाला किरकोळ रजा टाकावी लागते, म्हणून तो मोबाइलवर उरकतो. रजा टाकली असती तर वर्ग दिवसभर मोकळा राहिला असता, हेही धरा.

दोनशिक्षकी:
हा मुद्दा मान्य. फक्त ते काम मधल्या सुट्टीत करा.

केंद्रगट:
मधली सुट्टी म्हणजे ताटं वाढणं, चव बघून नोंद करणं आणि पहिलीच्या पोरांचे हात धुणं. मोकळी असते असं समजू नका.
खरा घोळ गटांवरच्या माहितीचा. तालुक्याची एकच गूगल शीट, लिंक एकाच वेळी सगळ्या मुख्याध्यापकांना. कोणीतरी फक्त एक रकाना निवडून सॉर्ट करतं. शाळांची नावं हलतात, आकडे जागेवरच राहतात. मग 'ज्यांची माहिती चुकली त्यांनी पुन्हा भरावी'. त्यापेक्षा प्रत्येक शाळेला गूगल फॉर्म द्या. ज्याची त्याची ओळ वेगळी पडते. आणि जनगणना, आपत्ती निवारण, निवडणूक सोडून शिक्षकाला बिगर-शैक्षणिक काम देऊ नये हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये आहेच. ते गटावर टाकून बघा, कोणी अंगठाही देत नाही.

खडूडस्टर:
तोवर करता येण्यासारखं: गट म्यूट करा, मुख्याध्यापकांचा नंबर मात्र चालू ठेवा. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये फोकस मोड आहे; इन्स्टा, फेसबुक, ट्रेडिंग अ‍ॅप निवडून साडेदहा ते पाच वेळ लावली की ती आपोआप थांबतात. यूट्यूब थांबवता येत नाही, कारण पाठाचा व्हिडिओ तिथेच असतो, आणि तिथेच शॉर्ट्सही. म्हणून दीक्षा या सरकारी अभ्यास अ‍ॅपवरचा पाठ आदल्या संध्याकाळी डाउनलोड करून ठेवायचा, वर्गात डेटा बंद करूनच दाखवायचा.

पारावरचा:
डेटा बंद केला तर 'तात्काळ'चं काय?

दोनशिक्षकी:
ते साडेचारला बघा. फारच तातडीचं असेल तर केंद्रप्रमुख फोन लावतात. लावत नाहीत, म्हणजे तातडीचं नव्हतं.