'सुद्नो' हे मरणाचं गाणं नव्हे

पहाटवारा: मोल्चात दोमा या बेलारूसच्या बँडच्या 'सुद्नो' (म्हणजे बेडपॅन) या गाण्यावर इथे कुणीतरी लिहून गेलंय की हे "सोव्हिएत काळासाठी गळे काढणारं आत्महत्येचं गाणं" आहे. राहवलं नाही म्हणून लिहितोय. शब्द रशियन कवी बोरिस रिझीचे, कविता १९९७ ची. सोव्हिएत संघ १९९१ लाच संपला होता. हे गाणं ज्यात आहे त्या 'एताझी' अल्बमच्या मुखपृष्ठावरची, सोव्हिएत वाटणारी इमारत तर स्लोव्हाकियातलं हॉटेल आहे! कवितेत इस्पितळाची खोली आहे. एनॅमलचं बेडपॅन, खिडकी, खाट. जगणं अवघड, मरण सोयीचं, असं सुरुवातीला येतं खरं. पण पुढे विस्कटलेलं आयुष्य समोर उभं राहतं, आणि पडलेला माणूस धडपडत उठू बघतो. त्या आयुष्याच्या डोळ्यांत बघून हमसून रडावं आणि कधीच मरू नये, असं त्याला वाटतं. कविता तिथे संपते. ही ओळ गाण्यातही आहे.

काळी_कॅसेट: रिझीने २००१ मध्ये, २६ व्या वर्षी आत्महत्या केली. ते बरं वगळलंत?

पहाटवारा: चार वर्षांनंतरच्या मृत्यूवरून आधीच्या कवितेचा अर्थ लावायचा नसतो.

निशाचर: अर्थ कळायला शब्द ऐकू तर आले पाहिजेत! २०२० मध्ये टिकटॉकवर लोक यावर कपडे मिरवत होते. आवाज विहिरीतून आल्यासारखा. मिक्सच (गळा आणि वाद्यांच्या आवाजांची जुळणी) चुकलाय.

बेसलाइन: चुकलेला नाही, गळा ठरवून मागे ठेवलाय. कव्हर करणारे (हे गाणं स्वतः वाजवून रेकॉर्ड करणारे) मात्र नेमके इथेच फसतात. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) थेट गळ्याच्या ट्रॅकवर टाकतात आणि व्यंजनं पुसली जातात. तो सेंडवर, म्हणजे वेगळ्या वाटेने घेऊन मूळ आवाजात मिसळा. प्री-डिले (घुमणं सुरू होण्याआधीची उसंत) ४० मिलिसेकंद, डिके (घुमणं विरायला लागणारा वेळ) अडीच सेकंद, घुमून परतणाऱ्या आवाजातून ३०० हर्ट्झखालचं कापा. बेस गिटार पिकने वाजवा, ब्रिजजवळ (तारा खाली जिथे टेकतात तिथे), सगळे स्ट्रोक खाली. बेसवर कोरस (सूर हलकेच डुलवणारा इफेक्ट) ०.६ हर्ट्झच्या आसपास, पण सिग्नल दुभागून १२० हर्ट्झखालचा भाग कोरा ठेवा, नाहीतर खालचा सूर डुलतो आणि किकचा (मोठ्या ड्रमचा) ठोका बुजतो. ड्रम मशीनला 'ह्यूमनाइझ' (ठोके माणसासारखे कमीजास्त करणारी सोय) लावू नका. सगळे ठोके सारख्याच जोराचे हवेत.

निशाचर: आकडे फेकून मुद्दा सुटत नाही. ऐकणाऱ्याला शब्द पोचत नसतील तर मिक्स फसलाच.

बेसलाइन: रशियन न येणाऱ्याला कोरड्या आवाजातही काय कळणार होतं? ठोका बदलत नाही, गळा चढत नाही. बेडपॅन ज्या सुरात येतं, त्याच सुरात 'कधीच मरू नये' येतं. गाण्याचा सगळा अर्थ त्या सपाटपणात आहे.

काळी_कॅसेट: मग माझंच म्हणणं खरं ठरलं. एवढ्या थंडपणे म्हटलेली इच्छा पुरी होणार नाही, हे गाणाऱ्यालाही ठाऊक आहे.

पहाटवारा: पुरी होणार नाही, मान्य. सोव्हिएत रडगाणं नाही, एवढं तरी आता मान्य करा.

काळी_कॅसेट: तेवढं मान्य. आत्महत्येचं नाही, हे मात्र अजून पटलेलं नाही.