होमेज आणि नक्कल यांतील फरक

होमेज घड्याळ म्हणजे एखाद्या प्रसिद्ध घड्याळाच्या रचनेवर बेतलेले दुसऱ्या कंपनीचे घड्याळ. ते म्हणजे शुद्ध नक्कल, असे काही जण म्हणतात; हे मत मला मान्य नाही. नकली घड्याळ तबकडीवर दुसऱ्याचे नाव छापून फसवते; होमेज मात्र रोलेक्स सबमरिनर या पाणबुड्यांसाठीच्या घड्याळासारख्या १९५०च्या दशकातील रचनेचा आधार घेऊनही स्वतःच्याच नावाने विकले जाते. अशा अनेक घड्याळांत सेइको या जपानी कंपनीचे एनएच३५ हे स्वयंचलित (मनगटाच्या हालचालीने चावी भरली जाणारे) यंत्र असते, जे पूर्ण चावी भरल्यावर सुमारे ४१ तास चालते आणि बिघडल्यास थोडक्या खर्चात बदलता येते. रोलेक्सचे ३२३५ यंत्र सुमारे ७० तास चालते, त्याची अचूकताही सरस आहे, हे निर्विवाद. परंतु विरार लोकलच्या गर्दीतून रोज जाणाऱ्याने लाखोंचे घड्याळ कपाटात ठेवण्यासाठी घ्यावे, असे मला वाटत नाही. मुंबईच्या पावसाळ्यापूर्वी मात्र कोणत्याही किमतीच्या घड्याळाचे पाणी रोखणारे रबरी वायसर घड्याळजीकडून अवश्य तपासून घ्यावेत.