मदत हवी आहे: आमच्या कुत्र्याच्या, ब्रुनोच्या घशाचं ऑपरेशन करावं का? (सातारा)

गोडोलीकर: डॉक्टरांनी टाय-बॅक (स्वरयंत्राची बाजू टाक्यानं बांधून उघडी ठेवायचं) ऑपरेशन सांगितलंय. स्वरयंत्र लुळं पडलंय म्हणाले. कुणी केलंय का? साताऱ्याजवळ कुठे होतं? काल दुपारी जिना चढून आला आणि श्वास ओढताना करवतीसारखा आवाज यायला लागला, जीभ जांभळी पडली. ओल्या पंचानं पुसून पंख्याखाली बसवला, तेव्हा अर्ध्या तासानं निवळला. दोन दिवसांत ठरवायचंय, लवकर सांगा.

मिरजवाला: जात, वय, वजन? निदान भूल देऊन केलं की नुसता आवाज ऐकून? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

गोडोलीकर: लॅब्रॅडॉर. साडेअकरा वर्षं, ४१ किलो. हलकी भूल देऊन बघितलं, श्वास घेताना दोन्ही बाजू उघडत नाहीत.

तुळसाबाई: आमच्या मोत्याला असाच खोकला होता. अडुळशाचा रस मधातून चाटवला, आठवड्यात बरा झाला. या वयात चिरफाड नको.

मिरजवाला: ताई, हा खोकला नव्हे. स्वरयंत्र उघडणाऱ्या स्नायूची नसच निकामी होते. चाटण फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया व्हायचा.

वाईची_मनू: गोचीड बघितलेत का? गोचीडतापातही धाप लागते.

माहुलीघाट: आम्ही तीन वर्षांपूर्वी पुण्यात केलं. एकाच बाजूची कूर्चा टाक्यानं ओढून बांधतात. दोन्ही बांधल्या तर अन्नपाणी श्वासनलिकेत जायची भीती फार वाढते. दुसऱ्या दिवशीच श्वास मोकळा झाला, मला रडूच आलं. पण ती वाट कायमची उघडी राहते, न्यूमोनियाची धास्ती जन्मभर. भात-चिकनचे लिंबाएवढे गोळे एकेक करून भरवायचो. संगमावर पोहायला न्यायचो, ते कायमचं बंद. आवाज घोगराच राहिला.

सांगलीचा_बाप्पा: साडेअकराव्या वर्षी मी तरी भूल देणार नाही. वजन उतरवा, उन्हात नेऊ नका. आमचा तसाच दोन वर्षं जगला.

माहुलीघाट: त्याची जीभ जांभळी पडली होती का? इथे वजन उतरेपर्यंत थांबायला वेळ कुठाय?

मिरजवाला: मागचे पाय फरशीवर घसरतात का?

गोडोलीकर: हो, पाच-सहा महिने. वयामुळे असेल म्हणून लिहिलं नाही.

मिरजवाला: तेच महत्त्वाचं. म्हाताऱ्या लॅबमध्ये हा बहुधा साऱ्या नसांचाच आजार असतो, स्वरयंत्र आधी लक्षात येतं एवढंच. ऑपरेशननं श्वास सुटेल, पाय सुधारणार नाहीत. छातीचा एक्स-रे झाला का? अन्ननलिका सैल पडली असेल तर टाय-बॅकचा धोका खूप वाढतो.

गोडोलीकर: नाही झाला.

माहुलीघाट: मग तो आधी. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हे ऑपरेशन तिथे होतं का, फोन करून विचारा. गळपट्टा काढा, हार्नेस लावा.

वाईची_मनू: खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला की तास मोडतो हं.

सांगलीचा_बाप्पा: शिरवळला जाताना बोगदा लागतो, घाट परतताना. तरी पहाटेच निघा, गाडीत एसी हवाच.

गोडोलीकर: शिरवळला फोन झाला, उद्या बोलावलंय. पाचला निघतो. आधी एक्स-रे, मग ऑपरेशनचं ठरवू. हार्नेस आणला. आत्ता ओट्याखालच्या गार फरशीवर झोपलाय, घरघर चालू आहे, पण जीभ गुलाबी आहे.