फ्रँकोनिया नॉचला तंबू टाकून दोन रात्री, बाबा आणि मुलगी बरोबर आहेत, सल्ला हवाय

वाईकर_बॉस्टन

नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या शेवटच्या वीकेंडला न्यू हॅम्पशायरच्या फ्रँकोनिया नॉच स्टेट पार्कला जायचंय. आम्ही चौघं, मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि वाईहून आलेले बाबा. बाबा ६७ वर्षांचे आहेत, रोज पाच-सहा किलोमीटर चालतात आणि चार वर्षांपूर्वी बारी गावातून कळसूबाई चढलेत. त्यांनी नेटवर बघितलं की तिथला माउंट लाफायेट ५,२४९ फूट आणि आपली कळसूबाई ५,४०० फूट, तेव्हापासून "हा तर आपल्यापेक्षा बुटका आहे, वर जाऊच" असं चाललंय. त्यांना नाही म्हणायला जीव होत नाही पण मनात धाकधूक आहे. कुणी केलाय का हा ट्रेक? लाफायेट प्लेस कॅम्पग्राउंड कसं आहे, रात्री थंडी किती असते, स्वयंपाकाचं काय करता, जे माहीत असेल ते सांगा प्लीज.

रानवाटा

उंचीच्या आकड्यावर अजिबात जाऊ नका. तुम्ही चालायला सुरुवात करता तीच मुळी अठराशे फुटांच्या आसपास, म्हणजे नुसत्या लाफायेटसाठी जवळपास साडेतीन हजार फूट चढ, आणि सगळे करतात तो पूर्ण लूप (फॉलिंग वॉटर्सच्या वाटेने वर, लिटल हेस्टॅक, लिंकन, लाफायेट ही शिखरं आणि ओल्ड ब्रायडल पाथच्या वाटेने खाली) धरला तर साधारण ९ मैल आणि ३,९०० फूट. धडधाकट माणसाला सात-आठ तास लागतात, नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन त्याहून जास्त.

पण खरा फरक हवेचा आहे. कळसूबाईला वारा कितीही सुटला तरी माणूस गारठून आजारी पडत नाही. इथे साडेचार हजार फुटांच्या वर झाडंच टिकत नाहीत, थंडी आणि वाऱ्यामुळे. लिटल हेस्टॅकपासून लाफायेटपर्यंत १.७ मैल उघडी धार आहे, दोन्ही बाजूंना दरी आणि आडोशाला काही नाही. मी दोनदा गेलेय. पहिल्यांदा खाली पार्किंगमध्ये लोक टीशर्टवर होते आणि लिटल हेस्टॅकला झाडीतून डोकं बाहेर काढलं तर उभं राहता येईना, ढग अंगावरून जात होते. तिथूनच परत फिरलो, दुसऱ्या वर्षी स्वच्छ दिवस बघून गेलो तेव्हा ती धार पूर्ण चालले आणि अजूनही डोळ्यांसमोर आहे. म्हणून सांगते, जागा अप्रतिम आहे पण आजोबा आणि नात बरोबर असताना ही नको.

त्याऐवजी लोनसम लेक करा. कॅम्पग्राउंडमधूनच वाट सुरू होते, एका बाजूने १.६ मैल आणि हजारेक फूट चढ. वर डोंगराच्या कुशीत तळं आहे आणि समोर फ्रँकोनियाची अख्खी धार दिसते. बाबांना तिथे बसवून लाफायेट दाखवा, त्यांना पटेल.

तंबू_आणि_चहा

रानवाटाताईंशी लूपबद्दल पूर्ण सहमत. फक्त एक मधला मार्ग सुचवतो. बाबांना डोंगर चढल्याचं समाधान हवं असेल तर शनिवारी तुम्ही दोघंच (बाबा आणि तुम्ही) पहाटे निघून ओल्ड ब्रायडल पाथने ग्रीनलीफ हटपर्यंत (डोंगरावरचा मुक्कामाचा निवारा) जा, २.९ मैल. वाटेत कातळांवरून दरी आणि धार दोन्ही छान दिसतात. हट ४,२०० फुटांवर आहे, तिथे पाणी मिळतं, आणि शिखर तिथून आणखी मैलभर. हवा चांगली आणि बाबा ताजेतवाने असतील तर पुढचं तिथे ठरवा, नाहीतर खाली. हटच्या अलीकडे तीन खडे चढ आहेत, त्यांना लोक "ॲगनीज" म्हणतात आणि ते नाव बरोबर आहे.

कॅम्पग्राउंडबद्दल: ९७ साइट्स आहेत, गरम पाण्याचे शॉवर आहेत, वीज नाही. आय-९३ अगदी शेजारून जातो त्यामुळे रस्त्यालगतच्या साइटवर गाड्यांचा आवाज रात्रभर येतो, बुकिंग करताना नकाशा उघडून रस्त्यापासून लांबची साइट धरा. मोठा फायदा हा की लाफायेटच्या वाटा रस्त्याच्या पलीकडून सुरू होतात आणि कॅम्पग्राउंडच्या बाजूने हायवेखालून पायी जायला बोगदा आहे. पानं रंगायच्या दिवसांत वीकेंडला पार्किंग उजाडायच्या आत भरतं आणि हायवेच्या कडेला गाडी लावायला बंदी आहे, तुम्हाला ती चिंताच नाही.

साइट मिळाली नाही तर लिंकन गावापुढे कँकमॅगस रस्त्यावर हँकॉक कॅम्पग्राउंड बघा. ते नॅशनल फॉरेस्टचं आहे, आधी येईल त्याला जागा, म्हणून शुक्रवारी दुपारीच पोचा.

वाईकर_बॉस्टन

दोघांचे मनापासून आभार. गुडघ्यांचं काय? बाबा चढतात मस्त पण उतरताना हळू होतात. आणि जेवणाचं कुणी सांगेल का, अस्वलं असतात म्हणे.

रानवाटा

मग ग्रीनलीफचाही नीट विचार करा, ओल्ड ब्रायडलचा उतार दगडांचा आहे आणि गुडघ्यांची कसोटी तिथेच लागते. काठ्या दोन घ्या, एक नको. सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं, म्हणून प्रत्येकाकडे हेडलॅम्प हवाच, फोनचा टॉर्च चालणार नाही. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा, ओले झाले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब खेचून घेतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी माउंट वॉशिंग्टन ऑब्झर्व्हेटरीचा उंच शिखरांचा अंदाज वाचा, गावाचा अंदाज वरच्या हवेला लागू होत नाही.

अजून एक, न्यू हॅम्पशायरमध्ये निष्काळजीपणामुळे बचाव पथक बोलवायची वेळ आली तर खर्च तुमच्याकडून वसूल करतात. फिश अँड गेम खात्याचं हाइक सेफ कार्ड मिळतं, कुटुंबासाठी ३५ डॉलर, त्यातले पैसे बचाव पथकांच्या कामाला जातात. आम्ही दर वर्षी घेतो.

भाजणीवाली

जेवणाचं मी सांगते. अस्वलं आहेत, काळी, म्हणून खाण्याचं सगळं, अगदी टूथपेस्ट आणि साबणसुद्धा, रात्री गाडीत बंद. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. भाजणीचं पीठ, मेतकूट, तूप, घरून शिजवून गोठवलेली मटकीची उसळ एवढ्यावर आमचे दोन दिवस मस्त जातात. गोठवलेली उसळ कूलरमध्ये बर्फाचंही काम करते. लाकडं घरून नेऊ नका, बाहेरच्या राज्यातलं साधं जळण आणायला तिथे बंदी आहे कारण त्यातून झाडं मारणारी कीड पसरते. तिथेच विकत घ्या. रात्री पारा ५ अंशांखाली सहज जातो, मुलीला आणि बाबांना स्लीपिंग बॅगखाली जाड मॅट द्या, थंडी जमिनीतून येते.

आणि लेकीसाठी प्रोफाइल लेकला थांबा. समोरच्या कड्यावर म्हाताऱ्याच्या चेहऱ्यासारखा दगड होता, ओल्ड मॅन ऑफ द माउंटन, ३ मे २००३ ला कोसळला. राज्याच्या रस्त्यांच्या पाट्यांवर तो अजून आहे. तळ्याकाठी पोलादी खांब लावलेत, आपल्या उंचीप्रमाणे खुणेवर उभं राहून वर बघितलं की खांबाची कड कड्याला चिकटते आणि चेहरा पुन्हा जागेवर दिसतो. माझ्या मुलाने तिथून हलायला नकार दिला होता. फ्लूम गॉर्जची तिकिटं मात्र आधी ऑनलाइन काढा. उभ्या ग्रॅनाइटच्या भिंतींमधून लाकडी पूल आहेत, फेरी दोनेक मैलांची, पायऱ्या भरपूर पण बाबांना जमेल.

वाईकर_बॉस्टन

जाऊन आलो, म्हणून लिहितोय. साइट कॅन्सलेशनमधून मिळाली, रस्त्यापासून लांबची. शनिवारी पहाटे अंदाजात वर ताशी पन्नास मैल वारा होता, बाबांना वाचून दाखवला, त्यांनी काहीही न बोलता बूट बांधले आणि लोनसम लेकच्या वाटेला लागले. तळ्याच्या पश्चिमेला चिखलावर फळ्या टाकल्यात, लेक त्यांवरून पुढे आणि बाबा मागे. वर पोचलो तेव्हा धार ढगात होती, तासभर बसलो, मेतकूट भात खाल्ला, मग एकदम ढग फाटला आणि लाफायेट दिसला. बाबा बराच वेळ बघत होते. परतताना म्हणाले, कळसूबाईवर देवीचं देऊळ आहे, वर गेलं की कुणीतरी असतं, इथे वर कुणीच नाही.

भाजणीवाली, खांबांपाशी आमच्याकडेही तेच झालं, पण हलायला नकार बाबांनी दिला. रानवाटाताई, जूनमध्ये माश्या फार असतात ना? भाऊ तेव्हा येतोय, त्याला लूप करायचाय.

रानवाटा

हो, मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत काळ्या माश्या चावतात, भावाला जुलैच्या मध्यानंतर बोलवा. आणि वर गेलात की दगडांच्या बांधाच्या आतूनच चाला, बाहेरची बारकी झुडपं एका पावलाने मरतात आणि पुन्हा यायला वर्षानुवर्षं लागतात.