बेडसोर झाला की सिस्टरलाच धरा!

निशाचर_सिस्टर
सकाळपासून एकच पोस्ट तीन ग्रुपवर आली. वडिलांना हॉस्पिटलात बेडसोर (एकाच जागी पडून दाबाने होणारी जखम) झाला म्हणून एका महाशयांनी लिहिलंय की नर्सेस मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसतात, पेशंटला या कुशीवरून त्या कुशीवर करायला कसलं डोकं लागतं, असल्यांचं रजिस्ट्रेशनच रद्द करा. डोकं नाही लागत हो, हात लागतात, तेही चार. अर्धांगाचा ऐंशी किलोचा पेशंट, नाकात जेवणाची नळी (राइल्स ट्यूब), खाली लघवीची नळी (कॅथेटर), हाताला सलाईन, हे सगळं सांभाळून एकट्याने वळवून दाखवा आणि मग पोस्टी टाका. आमच्या मेडिसिन वॉर्डात नाइटला दोघी आणि पेशंट चाळीसच्या वर, काही तर खाली गादीवर. दर दोन तासांनी पोझिशन बदलायची हे फर्स्ट इयरलाच घोटून घेतलंय, कुणी विसरलेलं नाही. पण दहाचं अँटिबायोटिक राहिलं तर सकाळी राउंडला सगळ्यांसमोर निघते, पोझिशन राहिली तर कुणी विचारत पण नाही. सर लोक पाठ उलटून बघतात का कधी? वास सुटला की मग "सिस्टर, हे काय!"

खडूस_काका
झालं रडगाणं? आता माझं ऐका. आई खुब्याचं हाड मोडून पडलेली, चांगल्या प्रायव्हेटमध्ये, स्टाफची बोंब नाही. मी रात्रभर स्टुलावर जागा. कुणी आईला हात लावला नाही. सकाळी पोझिशन बदलल्याचा चार्ट बघतो तर १०, १२, २, ४, ६ सगळ्या चौकटीत टिक, एकाच पेनाने, एकाच दमात. माकडहाडावर रुपयाएवढा काळा डाग पडला तेव्हा म्हणे "आजींचं वय झालंय." स्टाफ कमी हे एक वेळ मान्य, पण खोट्या टिका करायला वेळ कुठून मिळतो? आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या तुमच्या फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनीच १८५९ साली लिहून ठेवलंय, बेडसोर झाला तर दोष बहुतेक वेळा आजाराचा नसतो, नर्सिंगचा असतो.

निशाचर_सिस्टर
टिका खोट्या असतात, हो, असतात. घ्या, लिहून दिलं, फ्रेम करून लावा. चौकट रिकामी ठेवली तर मेमो मला आणि भरली तर एनएबीएचचं (हॉस्पिटलच्या दर्जाचं सर्टिफिकेट देणाऱ्यांचं) ऑडिट पास, मग भरणारच ना कुणीही. बाकी नाइटिंगेलबाईंच्या वेळी दर पेशंटमागे डिस्चार्ज फाईल, इन्शुरन्सचे कागद, औषधांचे इंडेंट (मागणीचे कागद) नव्हते.

आयसीयूतला_डॉ
दोघांनाही सांगतो, सगळे बेडसोर टळत नाहीत. शॉकमधला, म्हणजे बीपी कोसळलेला पेशंट, बीपी धरून ठेवणारं नॉरअॅड फुल चालू, जरा कुशीवर केला की बीपी पडतं. रक्तातलं प्रोटीन, अल्ब्युमिन, घसरून दीडवर. तिथे चामडी टिकवणं देवाच्या हातात.

खडूस_काका
माझी आई शॉकमध्ये नव्हती डॉक्टर, ती मला "पाठ दुखते रे" म्हणत होती.

रिटायर्ड_इन्चार्ज
आमच्या काळी ओव्हर (मागच्या शिफ्टकडून चार्ज) घेताना प्रत्येक बेडपेशंट उलटून पाठ बघितल्याशिवाय मी मागच्या शिफ्टला घरी सोडत नव्हते. आणि नुसती लाली शोधू नका, आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. हात लावा, आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, कडक किंवा पिठासारखं मऊ लागतं का बघा. दोन वेळा स्पिरिट-पावडरने बॅक केअर व्हायचीच.

फिजिओ_पुणे
मॅडम मान राखून, स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि हाडावर चोळणं आता बादच केलंय. त्यापेक्षा एअर बेड घ्या, पंपाने कप्पे फुगणारी गादी.

खडूस_काका
एअर बेडचं नाव काढू नका! बिलात रोजचं भाडं वेगळं लावलं. आणि सिस्टर म्हणे, तुम्हीच बाहेरून आणा, स्वस्त पडेल.

निशाचर_सिस्टर
मग खरंच स्वस्त पडतो. पण आणून करता काय? परवा एका पेशंटची गादी भाकरीसारखी चपटी, बघते तर पंपाची पिन काढून मुलाने मोबाईल चार्जिंगला लावलेला! वर मॅकिन्टॉश (रबरी शीट), त्यावर घरची गोधडी, त्यावर चार घड्या घातलेली चादर. कप्पे खाली आळीपाळीने फुगून उपयोग काय?

मुलुंडकर
आमच्याकडे वॉटरबेड होता, बेस्ट.

फिजिओ_पुणे
पाणी कमी भरलं की ढुंगण खाली टेकतं, जास्त भरलं की दगड. गादीखाली तळहात घालून बघा, हाड लागलं तर गादी फुकट. आणि ती मधे भोक असलेली रबरी रिंग तर माळ्यावर टाका, कडेने रक्त अडतं. गादी कसलीही असो, वळवावं लागतंच.

मुलुंडकर
रिंग आम्हाला डॉक्टरांनीच सांगितली होती. तुम्ही जास्त शिकलात का?

फिजिओ_पुणे
या बाबतीत बहुतेक हो.

लंडनवारी
इथे एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) वळवायला स्लाइड शीट, म्हणजे पेशंटखालची घसरती चादर असते, हेल्थकेअर असिस्टंट असतात. जखम दिसली की इन्सिडेंट रिपोर्ट...

निशाचर_सिस्टर
आले! दादा, आमच्याकडे मदतीला वॉर्डातली मावशी एक, तीही एक्स-रेला पेशंट घेऊन गेलेली. नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म टीचिंग हॉस्पिटलला ३ पेशंटमागे १ नर्स, तोही तीन शिफ्ट मिळून, म्हणजे एका शिफ्टला नवाला एक. तेवढ्या द्या, मग रिपोर्ट काय, निबंध भरते.

खडूस_काका
आणि आम्ही नातेवाईक बसलेलो असतो ना? एक जण बेडशेजारी, एक जण बाहेर जिन्यात. कसं वळवायचं, तीस अंशात उशी कुठे लावायची, टाच अधांतरी कशी ठेवायची, हे एकदा दाखवलं असतं तर मीच केलं असतं. उलट हात लावला तर "तुम्ही बाहेर व्हा."

निशाचर_सिस्टर
दाखवतो हो. निम्मे म्हणतात "मग तुम्हाला पगार कशाचा?" तुम्ही त्यातले नसाल कदाचित.

खडूस_काका
"कदाचित" काढा.

मुलुंडकर
अवांतर: तो पंपवाला एअर बेड डोंबिवलीत भाड्याने कुठे मिळेल? सासऱ्यांसाठी हवाय, अर्जंट.