प्रभारी मुख्याध्यापक झालोय, सहकाऱ्यांची उमेद कशी टिकवू?

नमस्कार मंडळी,

राधानगरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. पहिली ते पाचवी, पट 97, शिक्षक चार. पट दीडशेच्या आत, त्यामुळे मुख्याध्यापकाचं वेगळं पद नाही. सेवाज्येष्ठतेनं जूनपासून प्रभार माझ्याकडे आलाय. चौथीचा वर्ग आहेच.

आमच्या पाचवीच्या बाई दरवर्षी शिष्यवृत्तीचे जादा तास शाळा भरायच्या आधी स्वतःहून घेतात. कुणी सांगितलेलं नाही, पैसे नाहीत. गेल्या आठवड्यात म्हणाल्या, "सर, यंदा नको वाटतंय." मला वाटलं घरचं काही असेल. तर म्हणाल्या, "जूनपासून तुम्ही चार वेळा माझ्या वर्गात आलात. चारही वेळा माहिती मागायला."

खरं होतं. यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती), आधार, पोषण आहाराच्या नोंदी, 'आजच पाठवा' म्हणून आलेले मेसेज. पोरं काय शिकतायत हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही.

शालेय व्यवस्थापन पदविकेला फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाचा कामातल्या समाधानाबद्दलचा सिद्धांत अभ्यासला होता, 1959 ची मांडणी. पगार, सोयी, वरिष्ठांचं वागणं बिघडलं की माणूस नाराज होतो; पण ते सगळं ठीक केलं म्हणून समाधान येतंच असं नाही. ते येतं कामात आलेल्या यशातून, कुणीतरी घेतलेल्या दखलीतून, विश्वासानं दिलेल्या जबाबदारीतून. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, आता कळतंय. पगार आणि बदली माझ्या हातात नाही. दखल आहे.

माझे पहिले मुख्याध्यापक परिपाठानंतर रोज एका वर्गात मागच्या बस्करावर दहा मिनिटं बसायचे. टाचण (पाठाची लेखी तयारी) मागायचे नाहीत. मधल्या सुट्टीत एवढंच म्हणायचे, "तो कोपऱ्यातला पोरगा हातच्याची वजाबाकी करताना अडला, तुम्ही थांबलात, बोलला नाहीत. त्याची त्यानं सोडवली." अकरा वर्षं झाली, ते वाक्य अजून आठवतं. पण त्यांच्याकडे स्वतःचा वर्ग नव्हता.

म्हणून विचारतो. स्वतःचा वर्ग सांभाळून दुसऱ्याच्या वर्गात बसायला वेळ कसा काढता? चौथीला स्वाध्याय देऊन जाणं मला पटत नाही, त्यात पोरांचं नुकसान आहे. ऑनलाइन माहितीचं काम चौघांत वाटावं की मी एकट्यानं अंगावर घ्यावं? वाटून दिलं तर सगळ्यांचाच वेळ जातो, आणि एकट्यानं घेतलं तर मी कागदांतच बुडून राहतो.

आणि बाईंचं काय करू? केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत त्यांच्या कामाबद्दल बोलावं असं मनात आहे, पण जादा तास परत सुरू करून घ्यायला गोड बोलतोय असं त्यांना वाटेल ही भीती आहे. तास नाही घेतले तरी चालेल, पण त्यांचं मन शाळेतून उठू नये.

तीन-चार शिक्षकी शाळा चालवणाऱ्यांनी जरूर लिहा. मोठ्या शाळांतले उपाय आमच्याकडे बसत नाहीत.