भट्टीच्या घुमटाला तडा गेलाय, मदत हवी आहे

परसात लाकडावरची विटांची भट्टी बांधली. घुमट आतून ५० सेंमी उंच, तोंड ३२ सेंमी. म्हणजे तोंडाची उंची घुमटाच्या उंचीच्या साधारण ६३ टक्के हवी, हा नियम पाळला. पण वाळवण्यात घाई नडली. आठवडाभर बारीक जाळ करायचा सोडून तिसऱ्याच दिवशी ओंडके पेटवले. आता तोंडापासून वरपर्यंत तडा आहे. तापल्यावर त्यात नख जातं, थंड झाल्यावर केसाएवढा उरतो. फायरक्लेने (उष्णता सोसणाऱ्या मातीने) भरू की तसाच राहू देऊ? (सिमेंट लिंपायला सांगू नका, तापून ते भुसभुशीत होतं.)

दुसरं दुखणं, तळ लवकर निवतो. विटांखाली नुसती वाळू आणि काँक्रीट आहे, व्हर्मिक्युलाइटचा (उष्णता रोखणाऱ्या हलक्या खनिजाचा) थर राहूनच गेला. घुमट न पाडता तळ उचकटून तो घालता येईल का? कुणी केलंय?